न दिलेली हाळी

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा राज्य कोणाचं होतं हे आता त्या राजाच्या वंशजांनाही ठाऊक नसेल. लहानांनो, पुढं सरकून बसा. मोठ्यांनो, तुम्ही मागं बसलात तरी चालेल, पण कान इकडं ठेवा. ही गोष्ट खरं तर तुमच्यासाठीच आहे.

एका पठारावर एक गाव होतं. गावाभोवती जिकडं बघावं तिकडं मोकळी शेतं. ज्वारी निघाली, हरभरा निघाला, की नुसती धसकटं उरायची. झाड म्हणाल तर औषधालाही नाही. त्या उघड्या रानात माळढोक उतरायचे. तुमच्यातल्या फार थोड्यांनी पाहिला असेल. माणसाच्या कमरेइतका उंच, पांढऱ्या मानेचा, ऐटीत पावलं टाकणारा पक्षी. त्याला उडता येतं, पण उडायचा कंटाळा. दिवसभर धसकटांतून हिंडत टोळ आणि नाकतोडे टिपत राहतो. नजर मात्र अशी, की शेताच्या या टोकाला माणूस उभा राहिला तर त्या टोकाला हा मान वर करून बघतो आणि चालू लागतो.

मग धनुष्यबाणानं त्याची शिकार करायची कशी? लपायला झाड नाही, झुडूप नाही, आणि बाण काही कोसभर जात नाही.

गावच्या शिकाऱ्यांनी त्यावर एक तोड काढली होती. माळढोक माणसाला भितो, पण बैलाला भीत नाही. बैल रोजचाच, चरतो आणि निघून जातो, त्याला काय भ्यायचं? म्हणून शिकारी बैलाच्या आड लपायचा. बैल चरत चरत पुढं जायचा, आणि त्याच्या पलीकडच्या अंगाला वाकून शिकारी चालायचा. बैल पक्ष्याच्या जवळ पोहोचला की पाठीवरून बाण सुटायचा.

ऐकायला सोपं वाटतं. करून बघा म्हणजे कळेल. बैल सरळ पक्ष्याकडं गेला तर पक्षी ओळखतो. बैल तिरका चालला पाहिजे, मधेच थांबला पाहिजे, खाली मान घालून काडी तोडली पाहिजे. आणि माणसाचे पाय बैलाच्या पायांमागं राहिले पाहिजेत. माळढोकाला मोजता येत नसेल, पण चाराचे सहा पाय झाले की त्याला बरोबर कळतं.

या शिकारीत एक धोका होता, तोही सांगतो. सगळेच बैलाआड लपले, तर शेतात माणूस आहे की नाही हे दुसऱ्याला दिसणार कसं? म्हणून गावाचा एक नियम होता. बांधावर आलं की आत पाऊल टाकण्याआधी हाळी द्यायची, लांब, चांगली मोठ्यानं. गुराखी दिवसभर ओरडतच असायचे, त्यामुळं पक्ष्यांना त्याचं काही वाटत नसे. आत कोणी बैलाआड असेल तर त्यानं उलटी हाळी द्यायची, आणि नंतर आलेल्यानं मुकाट्यानं माघारी फिरायचं. एका शेतात एका वेळी एकच बैल. हा नियम कोणी मोडत नसे. मोडायचं कारणच काय होतं?

त्या गावात दोन भाऊ राहायचे. नावं काळाबरोबर गेली. आपण एकाला थोरला म्हणू आणि दुसऱ्याला धाकटा. बाप लवकर वारला होता, आई होती. दोघांची लग्नं झालेली, तरी चूल एक, ताट एक. दोघांचे दोन बैल होते, मोऱ्या आणि चांद्या, वासरं असल्यापासून एका दावणीला वाढलेले. दोघे एका जुवाखाली असे चालायचे, की हाकणाऱ्याला हातात आसूड धरायची गरज पडत नसे.

शिकारीलाही दोघे भाऊ बरोबरच जायचे. एक बैल पुढं घालायचा. धाकटा वेसण धरून बैलाला चालवायचा, थोरला मागं धनुष्य घेऊन. धाकट्याचा हात बैलावर असा बसलेला होता, की त्यानं नुसतं बोट लावलं तरी बैल थांबायचा, बोट काढलं की चालायचा. तो बैलाला पक्ष्याच्या इतक्या जवळ न्यायचा, की थोरल्याचा बाण चुकायला जागाच उरायची नाही.

गावात एक रीत होती. हंगामातला पहिला माळढोक ज्याच्या बाणानं पडेल, त्याच्या पागोट्यात देवळासमोर त्या पक्ष्याचं पीस खोवायचं आणि त्या दिवशी त्याला पंगतीत पहिल्या पाटावर बसवायचं. आणि पाडव्याला गुढी उभी राहिली, की सगळ्यांनी धनुष्याची दोरी उतरवून ठेवायची, कारण पुढं माद्या अंडी घालायच्या. पहिलं पीस दर वर्षी थोरल्यालाच मिळायचं. धाकटा गर्दीत उभा राहून सगळ्यांपेक्षा जास्त हसायचा. मला कोणी विचारलं तर मी म्हणेन, इतकं हसणं खरं नसतं. पण तेव्हा विचारलं कोणी?

एका वर्षी पंगत बसली होती. गावात जीभ सैल असलेला एखादा असतोच, तसा तिथंही होता. तो वाढता वाढता म्हणाला, की पक्षी नक्की बाणानं पडतो का बैल हाकणाऱ्यानं, हे एकदा देवाला कौल लावून विचारलं पाहिजे. पंगत हसली. धाकटाही हसला. थोरल्याच्या मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या. तो घास तसाच ताटात ठेवून बसून राहिला.

घरी जाताना धाकट्यानं चुकीची वेळ निवडली. बिचाऱ्याला वाटलं, विषय निघालाच आहे तर मनातलं सांगून टाकू. तो म्हणाला, "दादा, पुढच्या हंगामात एकदा बाण मी सोडू का? बैल तू धर. एकदाच."

थोरला चालता चालता थांबला. "बैल हाकणाऱ्याच्या डोक्यावर पीस शोभत नाही," तो म्हणाला. "तुला एवढी हौस असेल तर वेगळा राहा आणि मार तुझा तू."

रागात माणूस काय वाट्टेल ते बोलतो. बोललेलं गिळता येत नाही हे खरं, पण दुसऱ्या दिवशी सकाळी न्याहारीच्या वेळेला, अरे काल जरा जास्तच बोललो, असं म्हणता येतं की नाही? त्याला खर्च नाही, कष्ट नाही. थोरल्यानं ते म्हटलं नाही. त्याला वाटलं, धाकटा आहे, येईल आपणहून. धाकट्याला वाटलं, बोलला तो आहे, येईल तोच. सकाळ गेली, दुपार गेली, आठवडा गेला. भांड्याला भांडं लागतं तसं हे प्रकरण तिथंच मिटायचं, ते अबोल्यावर गेलं. अबोला एकदा घरात शिरला की त्याला बसायला कोणी पाट द्यावा लागत नाही.

थोड्याच दिवसांत अंगणात भिंत उभी राहिली. रान वाटलं, भांडी वाटली. शेवटी दोन बैल उरले.

आता आई गोठ्याच्या दारात येऊन उभी राहिली. "घर वाटा, रान वाटा," ती म्हणाली, "पण ही जोडी फोडू नका रे. त्यांचं काही भांडण झालेलं नाही."

थोरला म्हणाला, वाटणी म्हणजे वाटणी. मोऱ्या थोरल्याकडं राहिला आणि चांद्याला धाकट्यानं भिंतीच्या पलीकडं नेऊन बांधलं.

पुढं काय झालं विचारता? दोघी जावा भिंतीवरून एकमेकींना विरजण देत राहिल्या. आई सकाळी एकीकडं जेवायची आणि संध्याकाळी दुसरीकडं. बैलांचं मात्र कोणाला काही करता येईना. चांद्या कडबा हुंगायचा आणि सोडून द्यायचा. मोऱ्या दिवस मावळला की भिंतीकडं तोंड करून उभा राहायचा. एकानं हंबरलं की पलीकडून दुसरा हंबरायचा. मुक्या जनावरांनी अबोला धरला नव्हता, तो बोलता येणाऱ्यांनी धरला होता.

बघता बघता पुढचा हंगाम आला. शेतं मोकळी झाली, माळढोक उतरले. थोरला मोऱ्याला घेऊन निघाला, आणि मग त्याला कळलं की आपल्याला बैल चालवता येत नाही. मोऱ्या भलतीकडंच जायचा, नाहीतर मधेच बसकण मारायचा. पक्षी लांबूनच सटकायचे. तिकडं धाकटा चांद्याला घेऊन पक्ष्याच्या अगदी जवळ पोहोचायचा, पण एका हातात वेसण आणि दुसऱ्या हातात धनुष्य, दोरी ओढायची कोणत्या हातानं? वेसण सोडली की चांद्या वळायचा, आणि बाण जायचा धसकटात. दोघे रिकाम्या हातानं घरी यायचे. गावातल्या दुसऱ्या कोणालाही त्या वर्षी पक्षी लागला नाही. देवळासमोर पीस खोवलंच गेलं नाही.

पाडवा तोंडावर आला. शिकारीचा एकच दिवस राहिला. संध्याकाळी धाकटा ओट्यावर बसून बाणाचं टोक घासत होता. आई जवळ येऊन बसली आणि म्हणाली, की बाबा, सोड आता हा हट्ट, पीस नाही मिळालं म्हणून काय बिघडतंय?

धाकट्यानं बाणाचं टोक अंगठ्यावर लावून पाहिलं. मग म्हणाला, "आई, मला पीस नको आहे. पक्षी पडला तर पीस मी दादालाच देणार आहे. त्यानं फक्त एकदा म्हणावं, की धाकट्या, तुझ्यामुळं होतं हे. एवढं म्हणाला की मी ती भिंत माझ्या हातानं पाडतो."

आई लगेच उठली. ती म्हणाली, की हे मी आत्ता जाऊन त्याला सांगते. धाकट्यानं तिचा हात धरला आणि सांगू नकोस म्हणाला. सांगून म्हणायला लावलं तर त्याला काय अर्थ?

पण आईच ती. तिच्यानं राहवलं नाही. भिंतीला वळसा घालून ती थोरल्याकडं गेली. तो मोऱ्याला पाणी दाखवत होता. आईनं धाकट्याचा विषय काढला मात्र, तिचं वाक्य तोडून तो म्हणाला, की त्याचं नाव या अंगणात काढू नकोस. आई माघारी फिरली. तिला वाटलं, उद्या पक्षी पडेल, पीस इथं येईल, आणि मग सांगायची गरजच राहणार नाही. बायांनो, तिला दोष देऊ नका. तुम्हीही तेच केलं असतं.

दुसऱ्या दिवशी धाकटा तांबडं फुटायच्या आधी निघाला. गावाच्या पूर्वेला ज्वारीचं एक मोठं शेत होतं, पक्षी तिथं उतरायचे. त्यानं लांबचा वळसा घेतला आणि उगवतीच्या अंगानं बांधावर आला. उन्हं पाठीशी असली की पक्ष्याच्या डोळ्यांत जातात, हे त्याला बापानं शिकवलं होतं. बांधावर तो थांबला. हाळी द्यायला तोंड उघडलं, आणि त्याच्या मनात आलं, की आत दादा असला आणि त्यानं आवाज ओळखूनही उत्तर दिलं नाही तर? वर्षभर सगळं सोसलं होतं, पण हाकेला ओ आली नाही तर ते सोसवणार नाही, असं त्याला वाटलं. त्यानं तोंड मिटलं आणि तो आत शिरला.

थोड्या वेळानं थोरला मावळतीच्या बांधावर आला. तोही थांबला. त्याच्या मनात आलं, की मी हाळी दिली आणि आत तो असला, तर मला माघारी फिरावं लागेल. आज, शेवटच्या दिवशी, धाकट्यासमोर मी माघारी फिरू? त्यानंही हाळी दिली नाही. बांध ओलांडून तो बैलाआड झाला.

एकानं भीतीपोटी हाक गिळली, एकानं तोऱ्यापोटी. शेतात दोन बैल झाले.

त्या दिवशी मोऱ्या फार छान चालला. ना बसकण, ना भलतीकडं जाणं. तिरका चालावा, थांबावा, काडी तोडावी, पुन्हा पुढं जावं. थोरला मनात खूश झाला. त्याला वाटलं, जमलं आपल्याला, बैल चालवायला काय अक्कल लागते? त्याला कुठं माहीत, की मोऱ्याला वाऱ्यावर चांद्याचा वास आला होता आणि तो आपल्या जोडीदाराकडं निघाला होता.

शेताच्या मधोमध एक मोठा नर उभा होता. गळ्याची पांढरी पिशवी फुगवून, शेपूट वर करून तो स्वतःच्याच नादात घुमत होता. अशा वेळी त्याचं आजूबाजूला लक्ष नसतं. थोरल्यानं मोऱ्याच्या वशिंडामागून हळूच डोकं वर काढलं. उन्हं थेट डोळ्यांत येत होती. त्यानं डोळे बारीक केले, तेव्हा पक्ष्याच्या पलीकडं त्याला एक बैल दिसला. उन्हामुळं नुसता काळा आकार दिसत होता, पण ती शिंगं त्यानं लहानपणापासून बघितली होती. चांद्या होता तो.

म्हणजे चांद्याच्या आड धाकटा होता.

इथं थोरल्यानं बाण खाली घ्यायला हवा होता. पक्ष्यामागं जनावर असेल तर दोरी सोडायची नाही, हे त्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. त्यालाही माहीत होतं. पण त्याला एवढंच सुचलं, की आता हा बाण सोडेल आणि पीस घेऊन जाईल. तो बैलाआडच तर आहे, त्याला काय होतंय, असं त्यानं स्वतःला सांगितलं आणि दोरी कानापर्यंत ओढली.

त्याच वेळी चांद्यानं मान वर केली. समोर मोऱ्या दिसला आणि तो हंबरला. वर्षभर भिंतीआडून हंबरत होता, आज मधे भिंत नव्हती. वेसणीचा दोर ओढून घेऊन तो सरळ मोऱ्याकडं चालू लागला.

बैल पुढं गेला आणि मागं धाकटा उघडा राहिला. तो बैलाला आवरायला धावला नाही. मोऱ्याला त्यानंही ओळखलं होतं, आणि मोऱ्यामागं कोण आहे हेही ओळखलं होतं. त्यानं आपला बाण केव्हाच भात्यात ठेवला होता. तो सरळ उभा राहिला, हात वर केला आणि त्यानं हाक मारली, "दादा..."

हाक आणि बाण एकदमच सुटले. हंबरण्यानं दचकून पक्षी जागचा उठला होता. तो पंख फडफडवत बाजूला गेला आणि बाण त्याच्या जागेवरून पुढं निघून गेला.

थोरला धावला. किती वेळ धावला त्याला कळलं नाही. धाकटा धसकटात पडला होता, बाण छातीत होता. थोरल्यानं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. त्याला बोलायचं होतं, पण वर्षभर न बोललेल्या माणसाला पहिला शब्द सापडेना. त्याची नजर भात्यावर गेली. सगळे बाण जागच्या जागी होते. हा बाण सोडेल म्हणून आपण घाई केली, आणि यानं तर धनुष्य ताणलंही नव्हतं.

धाकट्यानं डोळे उघडले. "दादा," त्यानं विचारलं, "लागला का पक्षी?"

थोरल्यानं मान डोलावली. "लागला," तो म्हणाला. "लागला रे धाकट्या. तुझ्यामुळं लागला. दर वर्षी तुझ्यामुळंच लागत होता."

वर्षभर जे ऐकायला धाकट्याचे कान आसुसले होते, ते अखेर बोललं गेलं. पण त्यानं ते ऐकलं की त्याच्या आधीच तो गेला, हे कोणालाच सांगता येणार नाही. थोरल्यालाही सांगता आलं नाही. तो पुन्हा पुन्हा तेच म्हणत राहिला, मोठमोठ्यानं, पार घसा बसेपर्यंत. जवळच दोन बैल मानेला मान घासत उभे होते.

गुराख्यांनी आवाज ऐकला आणि ते धावत आले. त्यांनी गाडी आणली. मोऱ्या आणि चांद्या एका जुवाखाली आले आणि त्यांनी धाकट्याला घरी आणलं.

आई दारात उभी होती. तिनं गाडीत बघितलं, मग थोरल्याकडं बघितलं. तिनं त्याला शिव्या दिल्या असत्या, दगड मारला असता, तर बरं झालं असतं. ती गाडीच्या चाकाला धरून खाली बसली आणि एवढंच म्हणाली, "तुझ्याचसाठी गेला होता रे तो. तू एकदा चांगलं म्हणावंस म्हणून."

"म्हणालो मी," थोरला म्हणाला. "आई, म्हणालो मी त्याला."

दुसऱ्या दिवशी पाडवा होता. त्या गावात कोणी गुढी उभारली नाही.

राजाच्या कारभाऱ्यापर्यंत गोष्ट गेली. तो आला, त्यानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, की ह्याला मी काय शिक्षा देऊ? माझ्याकडं एवढी मोठी शिक्षा नाही. आणि तो माघारी गेला. थोरल्यानं धनुष्य मोडून चुलीत घातलं. अंगणातली भिंत एका सकाळी त्यानं पहारीनं पाडली. आता ती पाडून काय उपयोग, असं लोक म्हणाले, आणि खरंच काही उपयोग झाला नाही. धाकटी जाऊ माहेरी निघून गेली. तिच्या खोलीचं दार बंदच राहिलं.

पुढं थोरला म्हातारा झाला. त्याला एक सवय लागली होती. दोन भावांनी, बापलेकांनी, शेजाऱ्या-शेजाऱ्यांनी अबोला धरलाय असं कानावर आलं, की तो काठी टेकत त्या घरी जायचा आणि उंबऱ्यात बसायचा. उपदेश करायचा नाही, आपली कथा सांगायचा नाही. दिलेलं पाणी प्यायचा आणि बसून राहायचा. गावाला त्याची कथा माहीतच होती. काही घरं त्याला बघूनच बोलू लागायची. काही घरांनी त्याला, म्हाताऱ्या, तुझं तू बघ, असं म्हणून उठवलं. तो उठायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन बसायचा. असाच एका परक्या उंबऱ्यात बसलेला असताना तो गेला. त्या घरचे दोन भाऊ तेव्हाही एकमेकांशी बोलत नव्हते. त्याला खांदा द्यायला दोघांनाही यावं लागलं, आणि वाटेत एकानं दुसऱ्याला, जरा हळू चाल, एवढं म्हटलं, असं सांगतात. पुढं ते बोलत राहिले की नाही, ते मला ठाऊक नाही.

तात्पर्य: आपल्या माणसाला मारायची हाक मानापायी गिळू नये, कारण उशिरा मारलेली हाक ऐकायला ते माणूस असेलच असं नाही.